आई-वडिलांना घेऊन सोमवारी बोटीने घारापुरीला (एलिफंटा) जायचा बेत आहे, आईचे गुडघे दुखतात. कधी आणि कसं जावं?

सोमवारचा बेत आधी बदला, त्या दिवशी लेणी बंद असतात. मंगळवार ते शुक्रवार गर्दी त्यातल्या त्यात कमी. आईंचे गुडघे दुखतात म्हणताय, तर सकाळी नऊच्या सुमारासची बोट गाठाच. गेटवे ऑफ इंडियापासून साधारण तासाभराचा प्रवास आहे. परतीचं तिकीट जपून ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी मिळते, ती घ्याच. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीची सावली, त्यामुळे बसत बसत चढता येतं. अगदीच नाही जमलं तर डोलीवाले असतात. हातात खाऊची पिशवी मात्र नको, माकडं थेट ओढतात.

वर गेल्यावर पाचही लेण्यांमागे धावू नका. पहिल्याच लेण्यात तासभर काढा. सुमारे 18-20 फुटी, तीन मुखांच्या सदाशिवासमोर अंधाराला डोळे सरावेपर्यंत शांत उभे राहा. मग डावीकडचा मिशीवाला उग्र अघोर (शिवाचं रौद्र रूप) आणि उजवीकडचा हातात कमळ घेतलेला सौम्य चेहरा हळूहळू उमटतो. शेजारचा अर्धनारीश्वरही चुकवू नका.

ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव पडलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तो वेगळ्या दिवशी बघा.