सिंगापुरात खिसा सांभाळून, पोटभर

प्रश्न : आम्ही चौघं पाच दिवसांसाठी सिंगापूरला चाललो आहोत. विमान आणि हॉटेलातच बरेच पैसे गेले. सगळे दिवस खाकरे आणि झटपट पोह्यांवर काढायचे नाहीत. बाहेर स्वस्तात जेवता येईल का?

उत्तर : येईल, आणि चांगलं जेवता येईल. खाकऱ्यांची बॅग घरीच ठेवा. सिंगापूरकर स्वतः रोज जिथे जेवतात त्या हॉकर सेंटरमध्ये जा. एका छपराखाली कित्येक छोटे गाळे आणि मध्ये सामाईक टेबलं, अशी शंभराहून जास्त केंद्रं शहरभर आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने ही खाद्यसंस्कृती मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. एका माणसाचं जेवण साधारण ४ ते ७ सिंगापूर डॉलरमध्ये होतं, चहा-कॉफी दीड-दोन डॉलरला मिळते.

आधी टेबल धरायचं, मग रांगेत लागायचं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच पाकीट ठेवून जाऊ शकता. टेबलाचा नंबर लक्षात ठेवा, काही गाळेवाले जेवण जागेवर आणून देतात. ‘सेल्फ सर्व्हिस’ अशी पाटी असेल तर स्वतः आणायचं. खाऊन झाल्यावर ट्रे परत ठेवणं सप्टेंबर २०२१ पासून सक्तीचं आहे. पहिल्या वेळी समज मिळते, पुन्हा तेच केलं तर दंड. हलाल आणि इतर ट्रेंचे रॅक वेगळे असतात, तेवढी पाटी वाचा.

सगळ्यात स्वस्त जेवण ‘इकॉनॉमी राइस’च्या गाळ्यावर. काचेमागच्या भाज्या बोटाने दाखवायच्या, त्या भातावर वाढून मिळतात. पैसे किती प्रकार घेतले त्यावर ठरतात. अंदाज चुकतो तो माशाच्या तुकड्यापाशी, कारण मासा आणि कोळंबीचा दर वेगळा लागतो. वाढण्याआधी विचारून घ्या. खेकडा तर वजनावर विकतात. फलकावर ‘मार्केट प्राइस’ दिसलं की एकूण किती होतील ते विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

दुपारी १२ ते दीडच्या दरम्यान ऑफिसवाल्यांची झुंबड असते, साडेअकराला पोचलात तर निवांत जेवाल. बरेच गाळे दुपारी तीनच्या आत बंद होतात. खिशात २, ५ आणि १० डॉलरच्या नोटा हव्यात, कारण बऱ्याच गाळ्यांवर आपलं कार्ड चालत नाही.

प्रश्न : आई-वडील शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांचं काय?

उत्तर : इथे मात्र डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधातला नूडल्सचा झणझणीत रस्सा, त्यातली कोळंबी बाजूला काढली तरी तो शाकाहारी होत नाही, कारण वाटणातच सुकी कोळंबी असते. पालेभाजी हिरवीगार दिसते, पण ती बहुधा बेलाचान म्हणजे कोळंबीची पेस्ट किंवा ऑयस्टर सॉस घालून परतलेली असते. साधा प्राटा, म्हणजे तिथला पराठा (‘प्राटा कोसोंग’ म्हणून मागा), बरा, पण सोबतची आमटी माशाची किंवा मटणाची असू शकते. डाळीची आहे का विचारा, नसेल तर साखरेबरोबर खा. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मांस नको, मासे नकोत, कोळंबी नको, अंडं नको’ असं एकेक सांगा.

खात्रीची जागा म्हणजे लिटल इंडिया. मेट्रो स्टेशनाला लागूनच टेक्का सेंटर हे हॉकर सेंटर आहे, आणि सेरांगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास हे शाकाहारी दाक्षिणात्य हॉटेल. दुसरा पर्याय चिनी बौद्ध शाकाहारी गाळे. त्यांच्या पाटीवर ‘素’ हे अक्षर असतं. मिडल रोडवरच्या फॉर्च्यून सेंटरमध्ये अशा बऱ्याच खानावळी आहेत. तिथे बदकासारखं, माशासारखं दिसणारं काही ताटात आलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. परंपरेने हे लोक कांदा-लसूणही टाळतात. जैन वाचकांनी मात्र बटाटा-गाजर विचारून घ्यावं.

प्रश्न : रेस्टॉरंटमध्ये मेन्यूपेक्षा बिल जास्त आलं असं बरेच जण सांगतात.

उत्तर : किमतीपुढे ‘++’ असेल तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी लागतो. २० डॉलरचा पदार्थ २३.९८ ला पडतो. टिप वेगळी द्यायची गरज नाही. चिनी रेस्टॉरंटमध्ये बसल्याबसल्या टेबलावर शेंगदाणे आणि ओले टिश्यू येतात, त्यांचेही पैसे लावतात. नको असतील तर लगेच परत करा, हात लावल्यावर नाही. एखादं चांगलं रेस्टॉरंट अनुभवायचंच असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जा, बऱ्याच ठिकाणी ठरावीक किमतीचं लंच असतं.

नळाचं पाणी तिथे थेट पिण्यासारखं आहे, तेव्हा सकाळी हॉटेलातून बाटल्या भरून निघा. फक्त मेट्रोत बाटली उघडू नका. गाडीत आणि स्टेशनात खाण्यापिण्याला बंदी आहे, पाण्यालासुद्धा, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत आहे.

चहाचंही सांगून ठेवतो. नुसतं ‘तेह’ मागितलं तर कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. कमी गोड हवा तर ‘तेह सिउ दाई’. वडिलांना मधुमेह असेल तर ‘तेह-सी कोसोंग’ म्हणा : बिनगोड आटीव दूध, साखर अजिबात नाही. कोरा बिनसाखरेचा हवा असेल तर ‘तेह-ओ कोसोंग’.