कायद्यातला खेळ आणि गल्लीतला खेळ

राष्ट्रीय खेळ म्हणजे त्या देशाचा सर्वांत लाडका खेळ असं धरून चालू नका, असं मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो आणि टपालाचा ढीग पडला. निवडक पत्रांना उत्तरं देतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात कॅनडाचा खेळ लॅक्रोस आहे, दुसऱ्यात आइस हॉकी. परीक्षेत काय लिहू?

दोन्ही लिहा. कॅनडाच्या संसदेने 1994 मध्ये तसा कायदाच केला आहे. हिवाळ्याचा राष्ट्रीय खेळ आइस हॉकी, उन्हाळ्याचा लॅक्रोस. मूळ प्रस्ताव फक्त हॉकीचा होता, लॅक्रोसवाले अडून बसले, मग दोघांना एकेक ऋतू वाटून दिला. लॅक्रोस हा टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा, तिथल्या मूळ रहिवाशांचा जुना खेळ, त्याला मान मोठा. पण तळं गोठलं की पोरं जी काठी घेऊन घराबाहेर पळतात ती हॉकीची.

कागदावरचा खेळ आणि मनातला खेळ यांची अशी फारकत बऱ्याच ठिकाणी आहे. श्रीलंकेने 1991 मध्ये व्हॉलीबॉलला राष्ट्रीय खेळ केलं आणि पाचच वर्षांनी क्रिकेटच्या विश्वचषकासाठी अख्खा देश रस्त्यावर उतरला. बांगलादेशचा राष्ट्रीय खेळ कबड्डी, पण फुटबॉलचा विश्वचषक आला की तिथल्या गच्च्यांवर अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि विश्वचषक नसेल त्या दिवसांत क्रिकेट आहेच. भारतात हॉकी? 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं तेव्हा क्रीडा मंत्रालयाचं उत्तर आलं की कोणत्याही खेळाला असा दर्जा दिलेला नाही. पाठ्यपुस्तकं मात्र आपल्या मतावर ठाम होती.

माझी मोजपट्टी साधी आहे. शाळा सुटल्यावर दप्तर टाकून पोरं काय खेळतात ते बघायचं. टीव्हीचे आकडे जाहिरातदारांना लागतात, मला नाही.

प्रश्न : फिलिपिन्सचे लोक उंचीने कमी, तरी तिथे बास्केटबॉलचं एवढं वेड का?

कारण तो खेळ तिथे उंची बघून नेलाच नव्हता. 1898 पासून पुढची जवळजवळ अर्धं शतक तिथे अमेरिकेचा अंमल होता, आणि तिथल्या शाळांतून, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेतून हा खेळ शिकवला गेला. जागा थोडी लागते, एक चेंडू दहा जणांना पुरतो. फळी ठोकून कडं बसवलं की झालं मैदान. नारळाच्या झाडाला कडं बांधलेलं असतं, खाली पोरं रबरी चपला घालून खेळतात. याच देशाने 1936 च्या ऑलिंपिकमध्ये पाचवा क्रमांक आणि 1954 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं होतं. 1975 मध्ये आशियातली पहिली व्यावसायिक लीगही तिथेच सुरू झाली. 2009 मध्ये कायदा करून राष्ट्रीय खेळाचा मान दिला तो आर्निसला, म्हणजे वेताच्या काठ्यांच्या लढतीला. गल्लीतली कडी कुणी उतरवली नाहीत.

प्रश्न : बेसबॉल अमेरिकेचा. मग जपान आणि क्युबासारख्या देशांना तो आपला कसा वाटला? अमेरिकेशी दोघांचंही वाकडं होतं की!

वाकडं होण्याच्या बरंच आधी तो पोहोचला होता. क्युबातली श्रीमंतांची मुलं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शिकायला जायची, ती येताना बॅट घेऊन यायची. राज्य स्पेनचं होतं. स्पॅनिश साहेब लोकांची करमणूक म्हणजे बैलझुंज. तेव्हा बेसबॉल खेळणं म्हणजे आम्ही तुमच्यातले नाही असं सांगणं झालं, इतकं की सरकारने काही काळ त्यावर बंदी घातली. पुढे तिथल्या युद्धातून पळालेल्या क्युबन लोकांनीच तो डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेला. खेळ फक्त साम्राज्याच्या जहाजांतून जातो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. निर्वासितांच्या गाठोड्यातूनही जातो. अफगाण मुलं पाकिस्तानातल्या छावण्यांमध्ये क्रिकेट शिकली, आणि 2017 मध्ये त्यांच्या देशाला कसोटीचा दर्जा मिळाला.

जपानमध्ये होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने 1872 च्या सुमारास टोकियोतल्या विद्यार्थ्यांच्या हाती चेंडू दिला. आज तिथे व्यावसायिक लीग जोरात आहे, पण देश खरा थबकतो तो ऑगस्टमधल्या शालेय स्पर्धेला. ही स्पर्धा 1915 पासूनची, 1924 पासून ओसाकाजवळच्या कोशिएनच्या मैदानावर. एक सामना हरला की संघ बाहेर. हरलेली मुलं रडत रडत गुडघ्यांवर बसतात आणि मैदानातली काळपट माती ओंजळीने पिशवीत भरून घरी नेतात.

1958 मध्ये ओकिनावा बेटावरच्या शुरी हायस्कूलचा संघ पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. मुलांनी रिवाजाप्रमाणे माती घेतली. पण ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. कायद्याच्या दृष्टीने ती परदेशी माती, आणि रोगकिडीच्या नियमाप्रमाणे परतल्यावर बंदरावरच ती मुलांकडून काढून समुद्रात टाकली गेली. बातमी वाचून एका विमानसेविकेने कोशिएनजवळच्या किनाऱ्यावरचे खडे गोळा करून शाळेला पाठवले. दगडाला नियम आड येत नव्हता! क्रीडापानावर इतकी वर्षं बातम्या कापण्यात गेली, ही बातमी माझ्या टेबलावर आली असती तर एक ओळ कापली नसती.

सुमोबद्दल विचारणाऱ्यांसाठी : मान सुमोचा, वेड बेसबॉलचं. आणि सुमोतही सर्वाधिक 45 विजेतेपदं हाकुहोची आहेत, जो जन्माने मंगोलियाचा.

प्रश्न : केनियात सर्वांत लोकप्रिय खेळ धावणंच असणार ना?

नाही, फुटबॉल. शनिवारी संध्याकाळी इंग्लंडमधल्या क्लबांचे सामने बघायला तिथे टीव्हीपुढे झुंबड असते. फुटबॉल विश्वचषकाला केनिया कधीच पात्र ठरलेला नाही, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नाही. देश जिंकतो एक आणि बघतो दुसरं, यात विचित्र काही नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात क्रिकेटच पहिलं असेल.

उन्हाळ्यात. हिवाळ्यातलं उत्तर शहरावर आहे. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल, सिडनी-ब्रिस्बेनमध्ये रग्बी लीग. मेलबर्नच्या फुटबॉलची मुळं पुन्हा क्रिकेटमध्येच आहेत. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुटू नये म्हणून काहीतरी खेळलं पाहिजे, असं टॉम विल्सने 1858 मध्ये पत्र लिहून सुचवलं आणि पुढच्या वर्षी नियम तयार झाले. म्हणून ते लोक आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानात खेळतात.

प्रश्न : आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंगला 80 हजार लोक येतात आणि खेळाडूंना मानधन नसतं, हे वाचलं. विश्वास बसत नाही.

बसवा. डब्लिनच्या क्रोक पार्कची क्षमता 82,300 आहे आणि अंतिम सामन्याला ते भरतं. खेळाडू दुसऱ्या दिवशी कामावर जातात. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी पोलिस. आपल्या काउंटीसाठी खेळायचं, लिलाव नाही.

मला स्वतःला हर्लिंगपुढे बाकी खेळ मिळमिळीत वाटतात, हे आधीच सांगून टाकतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण. ॲश लाकडाची टोकाला चपटी काठी, चामड्याचा लहान चेंडू. तो काठीच्या चपट्या टोकावर तोलत धावायचं, आणि धावता धावताच हवेत उडवून हाणायचा. आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. हेल्मेटची सक्ती सर्वांना 2010 मध्ये झाली, त्याआधी बरेच जण उघड्या डोक्याने खेळायचे.

पण गर्दीचं कारण नुसता थरार नाही. या खेळांची संघटना 1884 मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली, आणि इंग्रजी खेळांना पर्याय उभा करणं हा तिचा हेतू. हेतू कडक इतका की नेहमीचा (गेलिक नव्हे) फुटबॉल, रग्बी, क्रिकेट खेळणाऱ्या किंवा नुसतं बघणाऱ्या सभासदालाही बाहेर काढायचा नियम होता. कोण चोरून बघायला जातं हे टिपायला माणसं नेमली जात. 1938 मध्ये डग्लस हाइड आयर्लंडचे पहिले अध्यक्ष झाले. आयरिश भाषेसाठी जन्म घालवलेला माणूस, संघटनेचे आश्रयदाते. नोव्हेंबरमध्ये ते राष्ट्रप्रमुख या नात्याने आयर्लंड विरुद्ध पोलंड हा फुटबॉल सामना बघायला गेले. डिसेंबरमध्ये संघटनेने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. राष्ट्राध्यक्षाला! सोवळं म्हणतात ते असं. बंदी उठली 1971 मध्ये. 2007 मध्ये त्याच क्रोक पार्कवर आयर्लंड आणि इंग्लंड रग्बी खेळले. 1920 मध्ये ब्रिटिश दलांनी त्या मैदानात गोळ्या घालून 14 जणांचा बळी घेतला होता, म्हणून इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या वेळी काय होतं याची सगळ्यांना धास्ती. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग आयर्लंडने 43-13 असा दणका दिला.

प्रश्न : एका शब्दात सांगा, जगात सर्वांत लोकप्रिय खेळ कोणता?

फुटबॉल. यावर वाद घालणारी पत्रं पाठवू नयेत.

प्रश्न : भूतानमध्ये धनुर्विद्या बघायला खरंच लोक जमतात? बघण्यासारखं काय असतं त्यात?

ऑलिंपिकमधली डोळ्यांपुढे आणत असाल तर ती विसरा. तिथे अंतर 70 मीटर आणि वातावरण वाचनालयाचं. भूतानमध्ये अंतर साधारण 145 मीटर. मैदानाच्या दोन्ही टोकांना लाकडी फळ्या रोवलेल्या, जेमतेम फूटभर रुंदीच्या आणि कमरेएवढ्या उंच. नेमबाजाला ती फळी रेघेसारखी दिसते. म्हणून त्याचे साथीदार फळीच्या जवळ उभे राहून ओरडून सांगतात, बाण कुठे पडला, डावीकडे की मागे. विरुद्ध संघाचे लोकही तिथेच. ते नेमबाजाची टिंगल करतात, आणि ती खेळाचा भाग मानली जाते. बाण लागला की साथीदार गाणं म्हणत फेर धरतात आणि नेमबाज कमरेच्या पट्ट्यात एक रंगीत फडका खोचतो. दिवस संपताना कुणाच्या कमरेला किती रंग, ते लांबूनच कळतं.

1984 ते 2008 भूतानने ऑलिंपिकला फक्त तिरंदाजच पाठवले. पदक अजून नाही. तरुण पोरं आता बांबूऐवजी पुली लावलेलं परदेशी धनुष्य वापरतात आणि फुटबॉलही जोरात खेळतात, तेव्हा माझ्या दप्तराच्या मोजपट्टीवर हा देश दहा-वीस वर्षांत कुठे असेल ते बघायचं.

अफगाणिस्तानच्या बुझकशीवरची पत्रं पुढच्या अंकात घेतो. बहुतेकांनी त्यात मेंढा लिहिलाय. घोडेस्वार ज्याच्यासाठी झोंबतात ते धड बकऱ्याचं किंवा वासराचं असतं, एवढी दुरुस्ती करून ठेवा.