डाग पाण्याचा, भोग मावशींच्या हातांना

प्रश्न : ताई, आम्ही कासारवडवलीला राहतो. बाथरूमच्या टाइल्सवर आणि नळांवर सारखे पांढरे डाग धरतात. कामाच्या मावशी दर रविवारी ॲसिड ओततात. डाग जातात, पण सासूबाईंना दमा आहे आणि दोन-दोन तास घरात वास कोंडून राहतो. मावशींच्या बोटांची सालं निघाली आहेत. एका व्हिडिओत बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावलं. फेस भरपूर आला, डाग मात्र जागचा हलला नाही. घरगुती उपायांनी खरंच काही होतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मावशींच्या बोटांबद्दलची ओळ मी दोनदा वाचली. म्हणून आधी तेच सांगते : या रविवारपासून ती बाटली घरात नको. डाग माझ्यामुळे पडत नाहीत, हे त्या बाई तुम्हाला कधीच म्हणणार नाहीत, पण खरं तेच आहे. डाग पाण्याचा आहे.

घोडबंदर रोडच्या बऱ्याच संकुलांत नळाच्या पाण्याच्या जोडीला बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी असतं. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. टाइलवरचा थेंब वाळतो, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा खडबडीत थर चढतो ना, तोच हा. त्याचं मुख्य घटकद्रव्य कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते सौम्य आम्लातही विरघळतं. त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड लागत नाही.

मग तुमचा सोडा-व्हिनेगर का फसला? मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि हाच प्रयोग दर वर्षी मुलांना करून दाखवला आहे. व्हिनेगर आम्ल, सोडा आम्लारीधर्मी. एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात. फेस म्हणजे सुटणारा कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेला की मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी, आणि त्या पाण्याने क्षाराचा डाग निघत नाही. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण वेगवेगळ्या वापरायच्या.

पांढऱ्या डागाला आम्ल हवं. मी लिंबूफूल वापरते, म्हणजे सायट्रिक ॲसिड. वाण्याकडे मिळतं, व्हिनेगरसारखा वास नाही. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. टाइलवर मारा, दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. नळाच्या बुडाशी साचलेलं कडं इतक्याने निघत नाही. तिथे सुती धोतराची पट्टी त्या पाण्यात भिजवून नळाला गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांनी सोडा. थर दह्याच्या सायीसारखा मऊ झालेला असतो, नखानेसुद्धा निघतो. पट्टी रात्रभर मात्र ठेवू नका, नळाची चकाकी जाते. कमोडला हेच : मगने जोरात पाणी ओतून आतली पातळी खाली घालवा, तीन-चार चमचे लिंबूफूल डागावर पसरा, सकाळी ब्रशने घासा. पाणी उकळतं ओतू नका, भांडं तडकतं.

बाथरूमच्या दाराशी संगमरवरी उंबरठा असेल तर त्याला मात्र यातलं काही लावू नका. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाला तो डागापेक्षा वेगळा वाटत नाही. माझ्या घरच्या उंबरठ्यावर मी एका दिवाळीला अर्धं लिंबू चोळलं होतं. लिंबाच्या फोडीएवढा तो गोल आजही निस्तेज आहे, ओलं बोट फिरवलं तर खरखर लागते. टाइलच्या सांध्यांतलं सिमेंटही असंच झिजतं, म्हणून तिथे फवारा मारला तर लगेच धुवा.

आता खाण्याच्या सोड्याचं काम. बादलीच्या आतून बोट फिरवा, राखाडी चिकट काही लागेल. साबण आणि जड पाण्यातलं कॅल्शियम मिळून ही मळी होते. तिच्यावर सोडा चालतो. ओल्या काथ्यावर खाण्याचा सोडा घ्या, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि गोल-गोल घासा. रिठ्याचं पाणीही छान काम करतं : दहा-बारा रिठे रात्री भिजवायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळून गाळायचे. चार-पाच दिवसांत संपवा, आंबतं. आणि डोळ्यात जाऊ देऊ नका, झाडाचं असलं तरी भयंकर झोंबतं.

पण यातल्या कशापेक्षाही जास्त उपयोग वायपरचा. शेवटी आंघोळ करणाऱ्याने भिंतीवरून आणि फरशीवरून एकदा वायपर फिरवायचा, नळ फडक्याने पुसायचा. दोन मिनिटं. थेंब वाळलाच नाही तर क्षार मागे राहणार कुठून? पावसाळ्यात तर हे हवंच. ठाण्यात जुलैमध्ये बाथरूम आपोआप कोरडं होत नाही, आणि कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत थर धरतो. तो बहुधा सेराशिया नावाच्या जिवाणूचा असतो, ओल आणि साबणाच्या उरल्यासुरल्या अंशावर वाढतो. एक्झॉस्ट पंखा आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा. हे काम मावशींचं नाही, घरातल्या प्रत्येकाचं आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कोणत्याही आम्लाबरोबर कधीही नको, लिंबूफूल आणि व्हिनेगरसुद्धा त्यात आले. क्लोरीन वायू सुटतो. आम्ही कळव्याला राहत असताना गणपतीच्या आधीच्या साफसफाईत मी संडासात ब्लीचिंग पावडर टाकली, विसरले, आणि वरून ॲसिड ओतलं. दार ढकलून बाहेर पडले तेव्हा श्वास आत जात नव्हता. तीन दिवस छाती जळत होती. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या बाईचं तोंड नेमकं तिथेच असतं. घरात उलट्या-जुलाबाचं कोणी आजारी असेल तर लिंबूफुलावर विसंबू नका. त्या दिवसांपुरतं ब्लीच वापरा, पण एकटं, पातळ करून, खिडकी उघडी ठेवून.

आणि मावशींना लांब बाह्यांचे रबरी हातमोजे आणून द्या. त्यांच्या मापाचे. सैल मोज्यात पाणी शिरतं आणि मग त्या ते काढून ठेवतात.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही महिनाभर गावी होतो. नेरुळच्या घरी परतलो तर बाथरूममध्ये गटाराचा वास. जाळीवर डांबरगोळ्या टाकल्या, तरी वास येतोच. काय करावं?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. महिनाभर वापर नाही, त्यात मे महिन्याचा उकाडा. ते पाणी आटलं. जाळी उचला, केस आणि मळी काढा, गरम पाण्यात सोडा विरघळवून ओता आणि मग अर्धी बादली साधं पाणी. बहुतेक तासाभरात वास जाईल. न वापरत्या बाथरूममध्येही आठवड्याला एक तांब्या पाणी ओतत जा. डांबरगोळ्या आजच काढून टाका. नॅफ्थलीनची वाफ श्वासातून जाते आणि लहान मूल ती गोळी पेपरमिंट समजून तोंडात घालतं. काही मुलांमध्ये तिच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.