गवा, रानगवा की गवारेडा?

एका शिक्षिकेने विचारलं आहे : ‘बातम्यांत कधी गवा, कधी रानगवा, कधी गवारेडा, तर कधी बायसन असं वाचायला मिळतं. हे एकच जनावर का? वर्गात मुलांना कोणता शब्द सांगू? आणि गवाने धडक दिली म्हणायचं की गव्याने?’

जनावर एकच. मुलांना नुसतं ‘गवा’ सांगा. गवारेडा हा शब्द लोकांच्या तोंडचा, जुना आहे. गोव्यात ज्याला राज्यप्राण्याचा मान आहे त्या गव्याला कोकणीत गवोरेडोच म्हणतात. त्यामुळे त्याला चूक ठरवायला माझं मन धजत नाही. पण त्यातला ‘रेडा’ ऐकणाऱ्याला चुकीच्या घरात नेऊन सोडतो.

हा रेडा का चिकटला असेल, ते मला दाजीपूरच्या जंगलात कळलं. संध्याकाळची वेळ होती. सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, कडेला एक एकांडा नर चरत होता. काळाभोर, अंगाला तेल चोपडल्यासारखा तुकतुकीत, खांदा माझ्या डोक्याच्या उंचीला. त्याने मान वर केली, फुस्सकन नाकातून हवा सोडली आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. झुडपाआडून एवढंच दिसलं असतं, तर मीही रेडाच म्हटलं असतं. मग तो दोन पावलं पुढे आला आणि पाय दिसले : गुडघ्यापासून खुरापर्यंत पांढरे, मोजे चढवल्यासारखे. शिंगं म्हशीसारखी चपटी आणि मागे गेलेली नव्हती. बुडाशी पिवळसर, वर वळलेली, टोकं काळी. दोन शिंगांच्या मध्ये कपाळाचा फिकट उंचवटा, आणि खांद्यापासून अर्ध्या पाठीपर्यंत गेलेला मांसल कणा.

सवयीही वेगळ्या. म्हशीला चिखलात लोळल्याशिवाय चैन पडत नाही. गवा लोळत नाही. माद्या आणि वासरं कळपाने राहतात, पुढे बहुधा एखादी जुनीजाणती मादी असते. मोठे नर एकेकटे हिंडतात आणि माजाच्या दिवसांत कळपाकडे येतात. सकाळ-संध्याकाळ चरायचं, उन्हाच्या वेळी सावलीत रवंथ करायची. माणसांची वर्दळ वाढली की हेच चरणं रात्रीवर जातं. गवत, पाला, बांबूचे कोवळे कोंब, झाडाची साल, सगळं चालतं, आणि खारट माती चाटायला ते मुद्दाम ठरावीक जागी येतात. वासरू जन्मतं ते सोनेरी पिवळट रंगाचं. पुढे हजार किलोच्या घरात जाणाऱ्या काळ्या नराचं हे पिल्लू, हे पाहूनही पटत नाही. शास्त्रातही गवा ‘बॉस’ या प्रजातीत, म्हणजे गाईबैलांच्या शेजारी बसतो, म्हैस ‘बुबॅलस’मध्ये.

आणि आपल्या शब्दाला हे आधीपासून ठाऊक आहे, याचंच मला फार अप्रूप वाटतं. गवा येतो संस्कृत ‘गवय’वरून. न्यायशास्त्रात उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं, हे प्रमाण (ज्ञानाचं साधन) समजावताना हेच उदाहरण देतात : गवय कधी न पाहिलेल्या माणसाला रानातला जाणकार सांगतो, ‘जशी गाय, तसा गवय’. तो रानात जातो, गाईसारखं जनावर पाहतो आणि ओळखतो, हाच तो. (कोशांत गवयचा नीलगाय असाही अर्थ मिळतो, मराठी मात्र गव्याशीच राहिली.) आता त्याच माणसाला ‘गवारेडा’ एवढंच सांगून रानात पाठवलं, तर तो म्हैस शोधत बसेल. गडचिरोलीच्या कोलामार्का भागात तर त्याला खरीखुरी रानम्हैस भेटेलही! म्हणून मुलांसमोर हे दोन प्राणी शब्दातच वेगळे ठेवावेत.

संस्कृतात ‘गौर’ हेही नाव आहे. ‘गौरो न तृषितः पिब’, तहानलेल्या गौरासारखा पी, असं ऋग्वेदात इंद्राला म्हटलंय. हिंदीने आणि तिच्यामार्फत इंग्रजीने तेच नाव घेतलं. मराठीत गौर म्हटलं की भाद्रपदातली गौर डोळ्यांपुढे येते, तेव्हा ते इथे उसनं आणण्यात अर्थ नाही. ‘बायसन’ ही शिकारी साहेबांची देणगी. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात, खांद्यावर उंच वशिंड आणि झुलपं असलेला. दाजीपूरच्या अभयारण्याला लोक अजून बायसन अभयारण्य म्हणतात, ते नाव बदलेल तेव्हा बदलेल.

रानगवा चालेल, पण गरज नाही. रानडुक्कर, रानमांजर म्हणतो कारण गावातही डुक्कर-मांजर असतं. आपल्याकडे गावात पाळलेला गवा नाही. ईशान्येकडे त्याचा पाळीव भाऊबंद आहे, पण त्याला मिथुन हे स्वतःचं नाव आहे.

राहिलं व्याकरण. घोडा-घोड्याने, रेडा-रेड्याने, तसंच गवा-गव्याने. अनेकवचन गवे. ‘पंचगव्य’मधल्या गव्याशी गोंधळ होईल या भीतीने काहीजण ‘गवाने’ लिहीत असतील, पण संदर्भाने तो होत नाही. तेव्हा फळ्यावर असं लिहा : गव्याने धडक दिली. दोन गवे शेतात उतरले. गव्यांचा कळप ओढ्यावर आला.