निकाल लागला, पैसा कुठे अडला?

प्रश्न : तापीवरच्या बॅरेजसाठी आमची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली गेली. वाढीव मोबदल्याचा निकाल लागून पाच महिने झाले. भूसंपादन कार्यालय म्हणते, ‘निधी नाही’. काय करावे? (शहादा तालुका)

उत्तर : दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, न्यायालयात दाखल करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ नुसार सरकारविरुद्धच्या निकालाची अंमलबजावणी तीन महिने थांबते. तुमचे तीन महिने केव्हाच उलटले. दरखास्तीत जिल्हाधिकारी आणि भूसंपादन अधिकारी यांच्यासोबत कार्यकारी अभियंत्यालाही सामील करा. कारण बॅरेज पाटबंधारे महामंडळाच्या प्रकल्पातले असेल तर भूसंपादन अधिकारी रक्कम महामंडळाच्या या अभियंत्याकडेच मागतात. एकट्या जिल्हाधिकाऱ्यांवर दरखास्त केली, की दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. महामंडळाऐवजी सरकारी खात्याने स्वतः पैसे देणे असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे न्यायालयीन निवाड्याची रक्कम ‘भारित’ खर्च ठरते. तिला विधानसभेचे मतदान लागत नाही, तरतूद मात्र लागते.

‘अपील करणार आहोत’ हेही उत्तर ऐकायला मिळेल. औरंगाबाद खंडपीठात नुसते अपील दाखल झाले म्हणजे स्थगिती मिळाली असे होत नाही. स्थगितीचा आदेश दाखवा, असे लेखी विचारा. रक्कम जमा करण्याच्या अटीवर स्थगिती मिळाली असेल, तर जमा रकमेतून काही भाग हमीवर उचलण्याचा अर्ज लगेच द्या. त्या रकमेवरचे कायद्याचे व्याज जमा तारखेला थांबते. उचलायला परवानगी मिळेपर्यंत ती मुदत ठेवीत ठेवा, अशी विनंती त्याच अर्जात करा.

हिशोबाचा तक्ता स्वतः बनवा. समजा, निकालात जमिनीची किंमत ४,००,००० रुपयांनी वाढली. दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीच्या संपादनाबद्दलची जादा रक्कम, ३० टक्के, म्हणजे १,२०,०००. कलम ४ च्या, म्हणजे संपादनाच्या पहिल्या अधिसूचनेपासून जिल्हाधिकाऱ्यांचा निवाडा किंवा ताबा, यांतील आधीच्या तारखेपर्यंत वर्षाला १२ टक्के. तो काळ दीड वर्ष धरला तर ७२,०००. बेरीज ५,९२,०००. यावर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, म्हणजे ५३,२८०, आणि पुढे १५ टक्के, म्हणजे वर्षाला ८८,८०० रुपये. दिलासा रकमेवरही व्याज मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सुंदर खटल्यात स्पष्ट केले आहे. तरी कार्यालयाच्या तक्त्यात ते सुटलेले असते, म्हणून तपासा. या उदाहरणात फाइल महिनाभर पडून राहिली की सरकारी तिजोरीवर ७,४०० रुपये चढतात. हा जनतेचा पैसा आहे आणि तो टेबलावरच्या दिरंगाईपायी जातो, म्हणून हा आकडा अर्जात ठळक लिहा. भरणा अर्धवट आला तर आधी व्याज आणि खर्च, मग मुद्दल, अशी वजावट मागा.

खातेदार वारला असेल तर दरखास्त रद्द होत नाही, वारसांना पुढे चालवता येते. वारस नोंदीचा सातबारा, बँक पासबुक आणि पॅन जोडा. नावातला एका अक्षराचा फरकही पैसे उचलताना नडतो.

प्रश्न : शेजाऱ्याला वाढीव दर मिळाला. आम्ही तेव्हा न्यायालयात गेलो नव्हतो. (अमळनेर)

उत्तर : अधिसूचना एकच असेल आणि संपादन जुन्या, १८९४ च्या कायद्याचे असेल, तर त्याच्या कलम २८-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मुदत न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिने. निकालाचा दिवस आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात. म्हणून नक्कल मागितल्याची आणि मिळाल्याची तारीख असलेला शिक्का जपून ठेवा. मात्र शेजाऱ्याने लोकअदालतीत तडजोड केली असेल, तर त्या निवाड्यावर २८-अ चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले आहे. आधी निकालाची प्रत वाचा, मग अर्ज लिहा.

प्रश्न : पाटचारी फुटून केळीत पाणी साचले, घड गेले. खाते दाद देत नाही. (रावेर)

उत्तर : पाणी ओसरण्याआधी तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्या: गट नंबर, क्षेत्र, झाडांची संख्या, लागवडीची तारीख, फुटलेल्या जागेचे फोटो. मोघम ‘केळीचे नुकसान’ असा पंचनामा न्यायालयात टिकत नाही. भाव सिद्ध करायला आधीच्या विक्रीच्या पावत्या लागतात.

पंचनाम्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची, म्हणजे सरकारवर दावा करण्याआधीची नोटीस पाठवा. ती विभागाचे सचिव किंवा जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात पोचली पाहिजे. केवळ शाखा अभियंत्याला दिलेली पुरत नाही. नाव, पत्ता, दाव्याचे कारण आणि मागणीची रक्कम चारही लिहा. दोन महिने थांबून दावा करा आणि नोटीस दिल्याचे दाव्यात नमूद करा. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो. तरी कायद्याखाली केलेल्या किंवा न केलेल्या कामाच्या भरपाईला एका वर्षाची मुदत लागू शकते, म्हणून तीन वर्षांच्या भरवशावर राहू नका. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो नोटीस लिहिण्याच्या टप्प्यावरच मागा.