इन्शुरन्स चालू आहे, पण कागद जवळ नव्हता म्हणून २,००० रुपयांचं चलन आलंय. भरून टाकू का?

भरू नका. निदान आज तरी नका.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या सासरी वास्तुशांतीला निघालो होतो, पुण्याहून कराडला. गाडी माझी, चालवत मी, शेजारी दाजी. खंबाटकीच्या अलीकडे हात दाखवून थांबवलं. लायसन्स दिलं, आरसी दिली. इन्शुरन्सचा कागद काढला तर तो गेल्या वर्षीचा. नवीन पॉलिसी नऊच दिवसांपूर्वी घेतलेली, ती मेलमध्ये, आणि रेंजची एक काडी. पीडीएफ काही उघडेना. हवालदारांनी मशीनवर गाडीचा नंबर टाकला तर तिथेही जुनीच तारीख, कारण कंपनीने नवीन पॉलिसीची नोंद सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर अजून चढवली नव्हती.

तोवर दाजींच्या हातात दोनशेची नोट आलीसुद्धा. "तू बस गं, मी बघतो." पैसे भरलेत, पॉलिसी आहे, मग नोट कशाला? मागून ताई म्हणाली, मुहूर्त टळेल. मी खाली उतरले आणि म्हटलं, साहेब, चलन करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली २,००० चं झालं. कराडपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. पंगतीत मात्र दाजींनी वाढप्यापासून सगळ्यांना ऐकवलं, "आमच्या मेहुणीबाईंनी दोनशेचं काम दोन हजारांत केलं."

तर तुमच्याबद्दल. १९६ हे विमाच नसलेल्या गाडीसाठीचं कलम आहे. पहिल्यांदा २,००० दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा आहे पण कागद जवळ नाही, हा वेगळा आणि किरकोळ मामला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९ वा नियम मागितलेले कागद नंतर सादर करायला १५ दिवस देतो. म्हणून आधी चलनावर कलम कुठलं आहे ते बघा. मी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकली, सोबत पॉलिसी जोडली. ती कुठल्या तारखेला किती वाजल्यापासून लागू, हे तिच्यावर छापलेलं असतं. ती वेळ चलनाच्या आधीची असली की झालं. दहा दिवस काही हललं नाही, तेव्हा छापील प्रत घेऊन वाहतूक शाखेत गेले. दोन फेऱ्या पडल्या. १९६ निघालं, कागद जवळ नसल्याचे ५०० राहिले, ते भरले.

दाजी म्हणतात, पाचशे अधिक दोन हाफ डे, म्हणजे माझेच दोनशे स्वस्त. हिशोब बरोबर आहे. पण ज्याच्या गाडीला खरोखर विमा नाही तोही दोनशेतच सुटतो ना? उद्या त्याच्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाई कोण देणार, दाजी? यावर ते म्हणतात, तू फार वाचतेस.

सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा) विमा शोरूममध्येच घ्यावा लागतो, मग पुढे लोक विम्याचं नावच विसरतात. दाजींची बुलेट २०१९ ची आहे. पावसाळ्यात तिचा नंबर मीच सरकारी एम-परिवहन ॲपवर टाकून विमा बघितला आणि ताईला स्क्रीनशॉट पाठवला. दाजींना नाही पाठवला.

हो, एक राहिलं. तुमची पॉलिसी चलनाच्या आदल्या दिवशी जरी संपली असेल, तर वरचं सगळं विसरा. त्याच संध्याकाळी नवीन काढलीत तरी १९६ टळत नाही, मुकाट्याने भरा. आणि गॅलरीतला फोटो चालेलच असं नाही, ते समोरच्या साहेबांच्या मर्जीवर. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधला कागद चालतो, पण नूतनीकरणानंतर तिथली तारीख बदलली का ते घरी असतानाच बघा. मी आता झेरॉक्सही ठेवते, डॅशबोर्डच्या कप्प्यात.