वाचकांचे प्रश्न : कातळ, काळी माती आणि भूकंप

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ सात मजली इमारतीत फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो, ‘नाशिक बेसाल्टवर बसलंय, भूकंपाची काळजी सोडा.’ पण तिथं पूर्वी काळ्या मातीचं शेत होतं. खरं काय मानायचं?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नाशिक बेसाल्टवर बसलंय हे खरं. तुमच्या इमारतीचे कॉलम कशावर बसलेत, ते मात्र वेगळं विचारावं लागेल. वर काळी माती, खाली पिवळसर माती, मग मुरूम आणि शेवटी कातळ, असा इथला नेहमीचा क्रम. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात मुरूम चार फुटांवर लागतो आणि समोरच्या कोपऱ्यात बारा फुटांवर, असंही होतं.

भूकंपाची लाट कातळातून मऊ थरात शिरली की तिचा वेग मंदावतो आणि हेलकावा वाढतो. शिवाय प्रत्येक थराला स्वतःचा झोका असतो, म्हणजे एकदा पुढे-मागे हलायला लागणारा ठरावीक वेळ. थराच्या जाडीची चौपट करून तिला लाटेच्या वेगानं भागलं की तो मिळतो. 20 मीटर मऊ थरात लाट सेकंदाला 200 मीटर जात असेल, तर झोका 0.4 सेकंदाचा. इमारतीला ढोबळमानानं मजल्यामागे 0.1 सेकंद धरतात. म्हणजे अशा जागी चार मजली इमारत जमिनीच्या तालात सापडते आणि वेळेवर ढकललेल्या पाळण्यासारखी दर धक्क्याला जास्त हलते. 1985 साली मेक्सिको सिटीत हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं, पण जुन्या तळ्याच्या गाळाचा झोका 2 सेकंदांच्या आसपास असल्यानं मधल्या उंचीच्या इमारतींनी सर्वांत जास्त मार खाल्ला.

तुमच्या जागी मात्र काळी माती 3 मीटर असेल आणि तिच्यात लाटेचा वेग सेकंदाला 150 मीटर धरला, तर झोका 0.08 सेकंद येतो. सात मजल्यांशी त्याचं काही जुळत नाही. पाया मुरुमात किंवा कातळात उतरवला असेल तर काळ्या मातीला घाबरू नका. तिचा खरा त्रास पावसाळ्यात फुगण्याचा आणि उन्हाळ्यात भेगाळण्याचा.

बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट आणि डिझाइनमध्ये धरलेला मातीचा प्रकार मागा. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस 1893 (2016) याप्रमाणे नाशिक झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं. 21 मीटर उंचीच्या, भिंतींचा आधार न धरलेल्या आरसीसी फ्रेमचा झोका सूत्रानं सुमारे 0.74 सेकंद येतो. त्यासाठी मऊ जमिनीवर कातळापेक्षा 1.67 पट आडवा जोर धरावा लागतो. मऊ जमिनीवर कातळाचा आकडा लावला, तर तेवढं बळ इमारतीत कमीच पडलं.

आणि खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे भिंतींविना नुसत्या कॉलमवरचा मोकळा तळमजला असेल तर तिथले कॉलम कसे डिझाइन केलेत तेही विचारा. 2001 च्या भूज भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादमध्ये ज्या इमारती कोसळल्या, त्यांतल्या बऱ्याच तळमजला मोकळा असलेल्या होत्या. सगळा दोष मातीवर ढकलणं सोयीचं असतं, एवढंच.

प्रश्न : गंगेकाठी (म्हणजे गोदावरीकाठी) आमचं घर आहे. भूकंपात जमीन पाण्यासारखी होते म्हणतात, ते इथं होईल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : त्यासाठी सैल वाळू आणि ती भिजलेली असणं, दोन्ही लागतं. हादऱ्यांनी वाळूचे कण सरकून जवळ येऊ पाहतात, मधल्या पाण्याला निघायला वाट नसते, दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. 1964 मध्ये जपानमधल्या निगातात अशाच जमिनीवरच्या काही इमारती फारशा न तुटता आख्ख्या कलंडल्या. चिकट काळी माती अशी वाहत नाही.

बोअर घेतला की एसपीटी, म्हणजे जमीन किती घट्ट आहे ते ठोके मोजून बघण्याची चाचणी, करून घ्या. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून टाकतात. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढच्या 30 सेंटिमीटरला किती ठोके लागले, ती ‘एन’ किंमत. वरच्या मातीचा दाब वगैरे धरून दुरुस्त केलेली ‘एन’ किमान 5 मीटरपर्यंत 15 आणि 10 मीटरच्या खाली 25 हवी. चाचणी पावसाळा ओसरल्यावर करा, तेव्हा पाणी वर असतं.

प्रश्न : बुजवलेल्या नाल्यावरचा प्लॉट स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : स्वस्त का मिळतोय, ते गाव नकाशात दिसेल, आधी तोच काढा. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन-दोन मीटरचे खड्डे घ्या. विटांचे तुकडे, राख, प्लास्टिक निघालं तर तो भराव आहे. डंपरनं ओतून वरून एकदा रोलर फिरवलेला भराव आत सैलच राहतो. तो 20 ते 30 सेंटिमीटरचे थर देत, पाणी मारून, प्रत्येक थरावर दाबावा लागतो.

सर्वांत वाईट म्हणजे घराचे निम्मे फुटिंग (कॉलमखालचे पायाचे ठोकळे) मुरुमात आणि निम्मे भरावात. हादऱ्यात एक बाजू बसते, दुसरी जागची हलत नाही, आणि मधल्या भिंतीला तिरकी भेग जाते. सगळे फुटिंग एकाच थरावर न्या, जिथं खोल जावं लागेल तिथं जा आणि प्लिंथ बीमनं, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळयांनी, सगळे कॉलम बांधून घ्या. हा खर्च प्लॉटच्या किमतीत मिळवून बघा, मग ठरवा.